मिशिगनशी हरलो आणि देशात पहिले आलो: ओहायो स्टेटचा २०२४ चा सीझन

नालबंद | २२ जानेवारी २०२५

परवा सोमवारी रात्री अटलांटात आमच्या ओहायो स्टेट विद्यापीठाने नोटर डेमला ३४-२३ असं हरवलं आणि अमेरिकन कॉलेज फुटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद कोलंबसला आलं. हाडं गोठवणाऱ्या थंडीत हाय स्ट्रीटवर जाऊन मी अनोळखी पोरांच्या गळ्यात पडून आलो. घसा अजून बसलेला आहे. आणि मंगळवारी सकाळी शेजारचे आजोबा (वय ८१, साठच्या दशकात इथेच शिकलेले) दारातला बर्फ सारता सारता काय म्हणाले? "बरं झालं हो. पण नोव्हेंबरचं काय?"

त्यांच्या त्या 'नोव्हेंबरचं काय'साठी हा धागा काढलाय.

कोलंबसमध्ये माझी ही चौदावी थंडी. पहिली तीन वर्षं मला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. शनिवारी सकाळी नऊला लोक पार्किंगमध्ये शेगडी पेटवून मांस भाजत का बसतात, हे कोडं होतं. मग एकदा मित्राने ओढून स्टेडियममध्ये नेलं. घोड्याच्या नालेच्या आकाराचं, १९२२ साली बांधलेलं, एक लाखाहून जास्त माणसं मावणारं. बँडची पोरं वाजवत वाजवत, चालत चालत 'ओहायो' हा शब्द इंग्रजी लपेटीदार अक्षरात मैदानावर काढतात आणि शेवटी एक सूझाफोनवाला ऐटीत जाऊन त्यातल्या 'आय'वरचा ठिपका बनतो. त्या ठिपक्यासाठी लाख लोक उभे राहतात. त्या दिवसापासून मी गेलोच.

तर यंदाचा सीझन. पहिल्या पाच मॅचबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. अ‍ॅक्रन ५२-६, वेस्टर्न मिशिगन ५६-०, असा तो प्रकार. पाहुण्या टीमला बोलावून, जेवू घालून, बडवून परत पाठवायचं.

१२ ऑक्टोबरला ऑरेगनच्या घरी खरी परीक्षा झाली आणि एका गुणाने गेली, ३१-३२. त्यातला एक किस्सा सांगायलाच हवा. शेवटचे दहा सेकंद उरलेले, आम्हाला थोडं पुढे सरकून फील्ड गोल (दोन खांबांमधून लाथ, तीन गुण) मारायचा. ऑरेगनने मैदानात ११ ऐवजी १२ खेळाडू उतरवले. चूक, दंड पाच यार्ड. पण त्या चुकीच्या खेळीत चार सेकंद उडाले ते उडालेच, घड्याळ मागे नेत नाहीत! १२ जण अडवायला उभे असताना पास पूर्ण होणार कसा? उरलेल्या सहा सेकंदांत आमचा क्वार्टरबॅक (म्हणजे पास फेकणारा) विल हॉवर्ड पळाला, घसरून खाली बसला, आणि वर बघतो तर घड्याळ शून्यावर. ऑरेगनचा कोच नंतर गालातल्या गालात हसत होता. त्याच आठवड्यात नियमाचा नवा अर्थ लावला गेला: आता अशी चूक झाली तर उडालेले सेकंद परत मिळतात. आम्हाला त्याचा काय उपयोग, म्हणा.

त्याच मॅचमध्ये लेफ्ट टॅकल (क्वार्टरबॅकची डावी बाजू राखणारा) जॉश सिमन्स जखमी होऊन सीझनभरासाठी गेला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग नेब्रास्काशी कसेबसे जिंकलो (२१-१७). पेन स्टेटला त्यांच्या घरी २०-१३ हरवलं. हॉवर्ड मूळचा पेन्सिल्व्हेनियाचा. लहानपणी त्याला पेन स्टेटकडूनच खेळायचं होतं, पण त्यांनी घेतलं नाही. मग तो कॅन्सस स्टेटला गेला आणि तिथून शेवटच्या वर्षाला आमच्याकडे आला. त्या दिवशीचा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. पुढे इंडियाना दहा मॅच अजिंक्य राहून आली, तिला ३८-१५. आणि इंडियानाच्या आठवड्यात सरावात सेंटर सेथ मॅक्लॉफ्लिनच्या घोट्यामागची शीर तुटली. म्हणजे आघाडीच्या पाच जणांच्या भिंतीतले दोन दगड निखळले.

आता ३० नोव्हेंबर. मिशिगन.

या आठवड्यात इथे कॅम्पसवरच्या पाट्यांमधल्या इंग्रजी 'एम' अक्षरावर लाल पट्ट्यांची फुली मारतात. मिशिगनचं नाव घेत नाहीत, 'ती वरच्या गावची टीम' म्हणतात. तिला हरवलं की प्रत्येक खेळाडूला चिमुकली सोन्याची पँट मिळते, लॉकेटसारखी. १९३४ पासूनची प्रथा. २०२१, २२, २३ अशी तीन वर्षं ती पँट कुणाला मिळाली नव्हती. पण यंदा मिशिगन ६ जिंकून ५ हरलेली. त्यांचे मोठमोठे खेळाडू दुखापतीने बाहेर. मॅच आमच्या घरी. सट्टेवाले सुमारे २० गुणांनी आम्हाला पुढे धरत होते.

आणि आमच्या कोचने काय केलं? जगातले सर्वोत्तम पास झेलणारे हाताशी असताना, मोडकी भिंत असताना, मिशिगनच्या त्या दोन डोंगराएवढ्या बचावपटूंच्या अंगावर पुन्हा पुन्हा बॉल घेऊन माणूस पाठवला. मधोमध. भिंतीवर डोकं आपटावं तसं. हॉवर्डचे दोन पास मिशिगनने पकडले. जेडन फील्डिंगचे दोन फील्ड गोल हुकले, ३८ आणि ३४ यार्डांवरून. शेवटच्या मिनिटात मिशिगनने फील्ड गोल मारला. १०-१३.

मी स्टेडियममध्ये होतो. एवढ्या माणसांची एवढी शांतता मी दहाव्याच्या घाटावरही अनुभवलेली नाही.

त्यानंतर सात आठवड्यांत चार मॅच जिंकून हेच लोक देशात पहिले. तर प्रश्न असा: वर्षाच्या सुरुवातीला देवाने विचारलं असतं की दोन्हीपैकी एकच मिळेल, मिशिगन की मुकुट, तर तुम्ही काय मागितलं असतं? आजोबांचं उत्तर तुम्हाला कळलंच आहे.

मक्याचं_कणीस | २२ जानेवारी २०२५

अभिनंदन हो नालबंद! मनापासून. आता जरा खोडी काढते.

मी अ‍ॅन आर्बरची, म्हणजे मिशिगनवाली. पिवळा-निळा रक्तात. (आयडीवरून कळलंच असेल, आमचा पिवळा 'मक्याचा' असतो.) आमचा यंदाचा सीझन कसा होता? गेल्या वर्षी १५ पैकी १५ जिंकून विजेतेपद, मग कोच हारबॉ प्रो लीगमध्ये गेले, निम्मी टीम गेली, उरलेल्यांना पास फेकता येईना. मी सप्टेंबरातच टीव्ही बंद केला होता. आणि तरीही २०२४ म्हटलं की मला ३० नोव्हेंबरच आठवणार. तुमची मॅच संपल्यावर नवरा स्वयंपाकघरात नाचला. पंधरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: मुकुट तुम्ही ठेवा.

रावेतकर_काकू | २३ जानेवारी २०२५

वाचतेय. छान लिहिताय. माझ्या मुलाला ओहायो स्टेटची एमएसची अ‍ॅडमिशन मिळाली आहे, ऑगस्टमध्ये जाईल, म्हणून गूगल करता करता इथे पोचले. पण मला एक सांगा, यात 'यार्ड' म्हणजे काय भानगड? आणि तो फील्ड गोलवाला मुलगा फक्त लाथ मारायलाच येतो का? बाकी वेळ काय करतो?

नालबंद | २३ जानेवारी २०२५

काकू, मुलाचं अभिनंदन! त्याला दोन स्वेटर जास्त द्या.

थोडक्यात सांगतो. मैदान शंभर यार्ड लांब. बॉल तुमच्याकडे असताना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेलात तर पुन्हा चार प्रयत्न. नाही गेलात तर बॉल समोरच्याचा. दहा यार्ड झाले की नाही याचा वाद पडला तर दोन माणसं खांब आणि साखळी घेऊन मैदानात पळत येतात आणि अक्षरशः मोजतात. गावाकडे बांधाच्या भांडणात मोजणीवाले शंकू साखळी घेऊन यायचे ना, तस्संच. आणि वातावरणही तसंच असतं, दोन्ही बाजू वाकून बघतायत, एका वितीवरून आयुष्य अडलंय.

बॉल घेऊन पार पलीकडे पोचलात तर टचडाउन, सहा गुण आणि वर एक किक. तीन प्रयत्न झाले, जमत नाहीये, पण खांब टप्प्यात आहेत, तर लाथवाल्याला बोलवायचं. दोन खांबांमधून गेला की तीन गुण. तो मुलगा बाकी वेळ बाजूला उभा राहून जाळीत लाथा मारतो आणि कुणी त्याच्याशी फारसं बोलत नाही. मॅच जिंकली की क्वार्टरबॅकला खांद्यावर घेतात. हरली की सगळ्यांना याचं नाव आठवतं.

पेठकर | २३ जानेवारी २०२५

काय भावा, लई दिवसांनी वाचण्यासारखं काहीतरी आलं.

आम्ही कोल्हापूरचे. आमचा फुटबॉल पायाने खेळायचा, पण हे जे तुम्ही लिवलंय ते सगळं आम्हाला पाठ आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार असली की त्या दिवशी पॉइंट टेबल कोण बघतंय? स्पर्धा कुठली, बक्षीस किती, काय देणंघेणं नाही. पेठेत परत जाताना मान वर असायला पाहिजे, बस्स. वर्षभर सगळ्या जिंकल्या आणि ती एक हरली तर चहाच्या टपरीवर उभं राहता येत नाही. तुमचे आजोबा आमच्याच पेठेतले वाटतात. त्यांना एकदा तांबडा-पांढरा प्यायला घेऊन या.

मिशिगन. दुसरं उत्तरच नाही.

सदाशिव_४११०३० | २३ जानेवारी २०२५

गड आला पण सिंह गेला!

पेठकर | २३ जानेवारी २०२५

प्रत्येक धाग्यात तानाजीला आणलंच पाहिजे का? इथे सिंह आधी गेला आणि गड नंतर आला, जरा क्रम तरी बघा.

डेटाभट | २४ जानेवारी २०२५

भावना बाजूला ठेवून जरा मुद्द्याचं बोलू.

नालबंद यांचा प्रश्न यंदा उभा राहिला तो नव्या पद्धतीमुळे. गेल्या वर्षापर्यंत प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेरीत) चारच टीम असायच्या. दोन मॅच हरलेली, त्यातली एक शेवटच्या आठवड्यात ६-५ असलेल्या टीमकडून घरच्या मैदानावर हरलेली टीम त्या चारांत येणं जवळपास अशक्य होतं. यंदा पहिल्यांदाच बारा टीम घेतल्या. ओहायो स्टेटला आठवा क्रमांक मिळाला आणि दार उघडलं.

गंमत म्हणजे चार टीमच्या पद्धतीचं पहिलं विजेतेपदही, २०१४ चं, ओहायो स्टेटनेच जिंकलं होतं. तेव्हाही सुरुवातीला व्हर्जिनिया टेककडून घरीच हरले होते. म्हणजे नवीन सासर मिळालं की पहिला मान यांचाच.

पण यातून एक गोष्ट गेली, असं माझं मत आहे. कॉलेज फुटबॉलचं वेगळेपण हेच होतं की प्रत्येक शनिवार जीवनमरणाचा. एक चूक आणि वर्ष गेलं. आता हा खेळ प्रो लीगसारखा झालाय: नोव्हेंबरपर्यंत रखडत या, डिसेंबरात फॉर्मात या. उद्या मिशिगनच्या मॅचला कोच मुख्य खेळाडूंना विश्रांती देईल, तेव्हा मला आठवा.

मक्याचं_कणीस | २४ जानेवारी २०२५

डेटाभट, तो दिवस आला तर त्या कोचला कोलंबसमध्ये भाड्याने घर मिळणार नाही. यंदा हरल्यावरच कोच रायन डेला काढा म्हणून लोक हात धुऊन मागे लागले होते. त्या माणसाचा एकूण रेकॉर्ड बघा, दहातल्या जवळपास नऊ मॅच जिंकतो. पण मिशिगनशी सलग चार हरला ना!

नालबंद | २४ जानेवारी २०२५

खोटं कशाला बोलू, मागे लागणाऱ्यांत मीही होतो. ३० नोव्हेंबरच्या रात्री आमच्या मंडळाच्या ग्रुपवर मी जे लिहिलं ते इथे छापता येणार नाही. नंतर डिलीट केलं, पण तोवर स्क्रीनशॉट फिरला होता.

डिसेंबरबद्दल लिहायचं राहिलं. २१ तारखेला टेनेसी आमच्याच स्टेडियममध्ये. त्यांचे चाहते हजारोंनी आले होते. आपल्याच घरात एवढा नारंगी रंग कधी पाहिला नव्हता. आमच्या लोकांनी रागाने तिकिटं विकून टाकली होती ना! पहिल्या पंधरा मिनिटांत २१-०. शेवटी ४२-१७. मग नव्या वर्षाच्या दिवशी रोझ बोलमध्ये, क्वार्टरफायनलला, तीच ऑरेगन, तेरापैकी तेरा जिंकलेली, अव्वल मानांकित. हाफ टाइमच्या आधीच ३४-०! जेरेमाया स्मिथ नावाचं पहिल्या वर्षाचं पोर १८७ यार्ड घेऊन गेलं. मिशिगनविरुद्ध ज्याच्याकडे बॉल फारसा पोचत नव्हता तो हाच. त्या बारा जणांच्या चार सेकंदांचा हिशेब मी मनातल्या मनात व्याजासकट लावला.

पण सीझन खरा जिंकला तो १० जानेवारीला, टेक्सासविरुद्ध. ही एक खेळी मी नातवंडांना सांगणार.

आधी थोडी मागची गोष्ट. २०२१ मध्ये क्विन युअर्स नावाचा टेक्सासचा नावाजलेला मुलगा शाळेचं शेवटचं वर्ष सोडून ओहायो स्टेटमध्ये आला. त्याचा रूममेट जॅक सॉयर, इथून जवळच्याच पिकरिंग्टनचा, बचावातला. युअर्सला इथे खेळायला मिळेना. वर्षाच्या आत तो बॅग भरून टेक्सासला परत गेला आणि तिथला क्वार्टरबॅक झाला.

आता सेमीफायनल. २१-१४ आम्ही पुढे, चारेक मिनिटं उरलेली, आणि टेक्सासचा बॉल आमच्या एक यार्डावर. एक यार्ड म्हणजे आपलं स्वयंपाकघरातलं पाऊल. बरोबरी होणार, मग काहीही होऊ शकतं. पहिल्या प्रयत्नात काही नाही. दुसऱ्यात त्यांनी सरळ घुसायचं सोडून बॉल बाजूला टाकला आणि आमच्या पोरांनी त्याला सात यार्ड मागे नेऊन आपटला. तिसरा वाया. चौथा, आठ यार्डांवरून. युअर्स पास द्यायला मागे सरकला. सॉयर कडेने आला, जुन्या रूममेटच्या हातातून बॉल उडवला, तोच बॉल एक टप्पा घेऊन त्याच्या स्वतःच्या हातात आला आणि हा गडी पळत सुटला. ८३ यार्ड! दोनशे पन्नास-साठ पौंडांचा माणूस. दिवाणखान्यात मी उभा, बायको उभी, मुलगी सोफ्यावर उभी, आणि तो पळतोय, पळतोय, संपतच नाही. २८-१४.

मिशिगनच्या मॅचनंतर चिडून त्यांचा झेंडा फाडणारा हाच सॉयर. चारही वर्षं सोन्याची पँट न मिळता जाणार होता.

मक्याचं_कणीस | २४ जानेवारी २०२५

झेंड्याचा विषय काढलातच. आमच्या पोरांनी तुमच्या मैदानाच्या मधोमध झेंडा रोवायला नको होता, हे मी कबूल करते. पाहुण्याने जेवण झाल्यावर यजमानाच्या ताटात हात धुवू नयेत. पण मग धक्काबुक्की, पोलिसांचा मिरपुडीचा फवारा, दोन्ही विद्यापीठांना एकेक लाख डॉलर दंड. १८ ते २२ वयाची पोरं डोळे चोळत बसलीत आणि वर समालोचक म्हणतायत, 'किती सुंदर परंपरा!'

रावेतकर_काकू | २५ जानेवारी २०२५

मी काल मुलाला बसवून मिशिगनची मॅच यूट्यूबवर पाहिली, तुमच्या धाग्यामुळे. मला नियम अजून निम्मेच कळलेत. पण तो फील्डिंग. दुसरी किक हुकल्यावर तो बाकावर जाऊन बसतो आणि शेजारी कुणीच नाही. लाखभर माणसं. त्याची आई तिथे असेल का हो? फायनलला तो होता का?

नालबंद | २५ जानेवारी २०२५

काकू, होता. तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो, नाहीतर फायनल मी दोन ओळींत संपवणार होतो.

सुरुवातीलाच नोटर डेमने अठरा खेळी करत, जवळपास दहा मिनिटं बॉल ताब्यात ठेवून टचडाउन केलं. पुरणाची डाळ वाटावी तसं, सावकाश, संपूर्ण. नंतर आम्ही सलग ३१ गुण केले. हॉवर्डचे पहिले तेरा पास एकही न चुकता पोचले. ३१-७ झाल्यावर मी मिठाईचा डबा उघडला. उघडायला नको होता. बघता बघता ३१-२३. तीनेक मिनिटं उरलेली, तिसरा प्रयत्न, अकरा यार्ड हवेत. सगळं जग म्हणतंय, बॉल जपा, घड्याळ पळवा. नोव्हेंबरातला आमचा कोच नक्की मधोमध माणूस घुसवता. या वेळी हॉवर्डने लांब पास फेकला, स्मिथने ५६ यार्ड मिळवले. मिशिगनच्या मॅचला हेच का नाही केलं, हा प्रश्न मी तेव्हाही ओरडून विचारला. टीव्हीने उत्तर दिलं नाही.

आणि मग शेवटी, २६ सेकंद उरले असताना, ३३ यार्डांवरून किक मारायला फील्डिंग आला. नोव्हेंबरात हुकलेली ३४ ची होती. आमच्या घरात कुणी श्वास घेत नव्हतं. बॉल मधोमध गेला. ३४-२३.

तो फारसा नाचला नाही. मला तरी टीव्हीवर दिसला नाही, कॅमेरा लगेच कोचकडे गेला.

बे_एरियाचा_बंड्या | २६ जानेवारी २०२५

रसभंग करतो, माफी.

या टीमचा खर्च किती? त्यांच्याच क्रीडासंचालकांनी सांगितलंय, खेळाडूंना मिळणारे पैसे धरून सुमारे दोन कोटी डॉलर. हॉवर्ड कॅन्सस स्टेटहून आणलेला, धावणारा जडकिन्स मिसिसिपीहून, बचावातला डाउन्स अलाबामाहून. याला कॉलेजची टीम म्हणायचं? मी एका मोठ्या फुटबॉलवाल्या विद्यापीठात (नाव नको) टीए, म्हणजे शिकवायला मदत करणारा विद्यार्थी, होतो. महिन्याच्या पगारात भाडं गेलं की मॅगी उरायची. आमच्या लॅबचं छत गळत होतं. त्याच वर्षी स्टेडियमला नवीन स्कोअरबोर्ड आला.

डेटाभट | २६ जानेवारी २०२५

बंड्या, छताचं दुःख समजू शकतो, पण पोरांना पैसे मिळाले म्हणून राग का? २०२१ पर्यंत त्यांना स्वतःच्या नावावरही कमावता येत नव्हतं. स्टेडियम भरत होतं, टीव्हीचे करार होत होते, कोचला लाखो डॉलर मिळत होते, आणि गुडघा मोडणाऱ्याला शिष्यवृत्ती. आता निदान मोडणाऱ्याला वाटा आहे.

आणि पैशाने सगळं मिळतं तर ३० नोव्हेंबरला दोन कोटींची टीम १० गुणांवर का अडली?

पेठकर | २६ जानेवारी २०२५

आमच्या तालमी आता नायजेरियाचे खेळाडू आणत्यात. पहिल्यांदा आणले तेव्हा म्हातारी माणसं म्हणाली, ही काय पेठेची टीम? मग त्याने पहिला गोल मारला. दुसऱ्या दिवशी पेठेत त्याला घरोघरी जेवण.

मक्याचं_कणीस | ३० नोव्हेंबर २०२५

धागा वर काढतेय, कारण न काढणं भ्याडपणा ठरेल.

काल अ‍ॅन आर्बर. बर्फ. ९-२७. सलग चार हारींनंतर तुमची पँट तुम्हाला मिळाली. नवरा बेसमेंट आवरतोय म्हणाला, तीन तास झाले, आवाज नाही.

घ्या, नालबंद. तुमचा दिवस.

नालबंद | ३० नोव्हेंबर २०२५

ताई, काय लिहू? बारापैकी बारा जिंकलो या सीझनला. आजोबांनी जाड पुठ्ठ्यावर लाल रंगाने '२७-९' लिहून गराजच्या दाराला लावलाय. अक्षरं थोडी खाली आलीत, हात थरथरतो त्यांचा. पलीकडून कुणी विचारलं तर सांगतात, नातवाने लिहिलं.

रावेतकर_काकू | ७ डिसेंबर २०२५

चिरंजीव तिकडे पोचून चार महिने झाले. मिशिगनच्या मॅचच्या वेळी इकडे रात्रीचे साडेदहा, म्हणून पूर्ण पाहिली. आज मात्र सकाळी साडेसहाला चहा घेऊन बसले, इंडियानाशी. १०-१३ हरलो ना हो! गेल्या वर्षी मिशिगनशी होता तोच आकडा. आणि शेवटी शेवटी २७ यार्डांची किक, बरोबरीची, फील्डिंगची. मी चहा तसाच ठेवला होता. हुकली.

मला त्या मुलाला फोन करावासा वाटला. मुलगा म्हणाला, आई, इथे असं करत नाहीत.

डेटाभट | १ जानेवारी २०२६

आणि काल रात्री कॉटन बोलमध्ये मायामीकडून १४-२४. प्लेऑफमधून बाहेर. नालबंद, गेल्या जानेवारीत तुम्ही देवाला जो पर्याय मागितला होता तो देवाने दोन्ही बाजूंनी करून दाखवला. २०२४: मिशिगन नाही, मुकुट आहे. २०२५: मिशिगन आहे, मुकुट नाही. आता तरी मत द्या. धागा काढून वर्ष झालं, धागाकर्त्याचं मत अजून आलेलं नाही.

नालबंद | १ जानेवारी २०२६

सकाळी खात्री करायला आजोबांकडे गेलो. म्हटलं, काल फार वाईट झालं. ते म्हणाले, "काल? काल काय होतं?" साडेनऊलाच झोपले होते. मग मला कॉफी दिली आणि सव्वीस मिनिटं (मी घड्याळ बघितलं) मिशिगनच्या मॅचमधला दुसरा टचडाउन समजावून सांगितला.

माझं मत विचाराल तर डेटाभट, मी काल रात्री दोन वाजेपर्यंत मायामीची मॅच मनात पुन्हा पुन्हा खेळत होतो. आणि गेल्या जानेवारीत, जिंकल्यावर, दोन वाजेपर्यंत मिशिगनची.

मक्याचं_कणीस | १ जानेवारी २०२६

ते सगळं असू दे. तो पुठ्ठा अजून गराजवर आहे का?

नालबंद | १ जानेवारी २०२६

आहे. पावसाने रंग ओघळला होता म्हणून नाताळात त्यांनी वरून पारदर्शक प्लास्टिक चिकटवलंय.